अमोलिक भाऊसाहेबांच्या डब्याचे दार

सुज्ञ वाचकांस सविनय कळविण्यात येते की, पुढील कथेत एका दाराची साद्यंत हकीगत निवेदन केली जाईल. दार किल्ल्याचे नाही, राजवाड्याचेही नाही; दोन चाकांच्या एका जुन्या डब्याचे आहे. तथापि कोल्हारपासून मिरजगावपर्यंतच्या रस्त्यात या दाराने एका सद्गृहस्थाची जी परीक्षा पाहिली, ती पाहता किल्ल्याचे दार परवडले असे म्हणावे लागेल. कारण ते एकदा लागले म्हणजे शत्रू येईपर्यंत तरी लागलेले राहते. कथेत कोणाची थट्टा करण्याचा हेतू नाही. थट्टा जी झाली ती घटनांनीच केली, आणि घटनांपुढे लेखणी काय करणार.

सद्गृहस्थांचे नाव एलिया अमोलिक. एका हायस्कुलात लिपिकाच्या खुर्चीवर उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते. आपल्याकडे शाळेच्या लिपिकास भाऊसाहेब म्हणण्याची रीत आहे. मनुष्य नोकरीतून निवृत्त होतो, हाकेतून होत नाही. त्यामुळे गावाच्या मुखी ते भाऊसाहेबच राहिले. एके दिवशी ते मिशनच्या जुन्या आवारावरून जात असता भंगारवाला एका ॲल्युमिनियमच्या डब्यास करवत लावण्याच्या बेतात त्यांना दिसला. डब्याचे कोपरे गोल, खिडक्या दोन, आत लाकडी बाक आणि कपाट, पुढे जीपला जोडण्याचा दांडा. भाऊसाहेबांनी तो तत्काळ ओळखला, कारण सासुरवाडीच्या भिंतीवर त्याचा फोटो होता. फार वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या एक परिचारिका, ज्यांना सर्व लोक मिस साहेब म्हणत, हा डबा जीपमागे टोचन करून खेडोपाडी औषधे देत फिरत. त्यांच्यासोबत जी तरुण मदतनीस असे ती कडूबाई. म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी एस्तेरबाई यांच्या मातोश्री.

भाऊसाहेबांनी करवत थांबविली आणि डबा विकत घेतला. अंगणात तो उभा राहिला तेव्हा एस्तेरबाईंनी त्याभोवती एक फेरी मारली आणि लोक रिटायर झाल्यावर आंब्याचं झाड लावतात, आमच्या माणसानं पत्रा लावला, एवढेच बोलून त्या चहा टाकावयास गेल्या. पण चहाचे आधण उकळून आटले तरी त्या खिडकीतून डब्याकडेच पाहत होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता कथेचे मर्म सांगतो. कडूबाईंनी ऐंशी ओलांडली होती आणि त्यांचे गुडघे त्यांच्याआधीच थकले होते. मिरजगावी त्यांचे करणारे कोणी उरले नव्हते. त्यामुळे चिरंजीव जस्टिन यांनी त्यांना पिंपरीस आपल्या चौथ्या मजल्यावरील घरी नेण्याचे ठरविले होते. दिवसही ठरला होता. मिरजगावच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो, त्या रविवारी शेतातला पहिला माल वेदीपुढे ठेवून उपकारस्तुती करायची, जेवणे उरकायची आणि सायंकाळी गाडी पिंपरीच्या दिशेने निघायची. चौथ्या मजल्यावर चढलेली वृद्ध स्त्री पुन्हा खाली केव्हा उतरेल याची खात्री कोणी दिली नव्हती, आणि कोणी मागितलीही नव्हती.

डबा सापडल्याची वार्ता एस्तेरबाईंनी फोनवर सांगितली तेव्हा कडूबाईंनी ती पुन्हा एकदा सांगावयास लावली. मग कडूबाई म्हणाल्या, "त्योच हाय का? मंग मला दावा एकदा. वर चढायच्या आदी दावा."

या सासूबाईंचे आपल्या जावयाविषयी पूर्वीपासून मर्यादित मत होते. लग्नाच्या मांडवातच त्यांनी जावाई कागदाला लई हुशार हाय असा शेरा मारला होता, आणि त्यानंतर एवढा संसार झाला, मुलेबाळे मार्गी लागली, तरी त्या शेऱ्यात एका शब्दाची भर पडली नव्हती. म्हणून भाऊसाहेबांनी मनाशी प्रतिज्ञा केली की, त्या रविवारी डबा चर्चसमोर उभा करीन, आणि तो सासूबाईंच्या तारुण्यात होता तसा, धुतलेला, पुसलेला व दार नीट लावलेला असेल. अडचणींचा एकही शब्द मिरजगावी कळता कामा नये, अशी त्यांनी घरात सक्त ताकीद दिली. एस्तेरबाईंनी मान डोलावली. कोणत्या अडचणी, असे त्यांनी विचारले नाही, कारण त्या नवऱ्यास ओळखून होत्या.

अडचण एकच होती आणि तिला बिजागऱ्या होत्या. हे दार डब्याच्या डाव्या अंगास असून त्याच्या बिजागऱ्या मागच्या कडेला होत्या. म्हणजे दार किंचित किलकिले झाले की समोरचा वारा आत शिरून त्यास सताड उघडी. डबा अंगणात उभा असता दार कुलवधूसारखे मर्यादेने राही. मात्र चाके फिरू लागली की खड्ड्याखड्ड्याला डब्याचे अंग पिळवटे, खटक्याची जीभ खाचेतून निसटे, आणि दार एखाद्या वक्त्याच्या हातासारखे रस्त्यावर पसरे. आपल्या मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांविषयी अधिक लिहीत नाही. ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सांगणे नलगे, आणि ज्यांना ठाऊक नाहीत त्यांचे सुख का हिरावून घ्यावे.

पहिली चाचणी प्रवरेच्या पुलापर्यंत झाली. शेजारचे कानिफनाथ यांची जीप होती आणि त्यांना टोचनाची आवड होती. पूल येण्यापूर्वीच दार उघडले. रस्त्याकडेला एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक बांबूंवर उभा होता. दाराने तो बांबूंसकट उचलला आणि जीप थांबेपर्यंत पुढाऱ्याचे हास्यवदन डब्याच्या अंगावर वाऱ्याने फडफडत राहिले. फलक फाटला नाही, पण भावना फाटल्या. जमलेल्या तरुणांनी कार्यकर्त्यास शोभेल अशा भाषेत हे मुद्दाम केले काय अशी चौकशी केली, आणि अखेर तोड अशी निघाली की भाऊसाहेबांनी चौकातील ध्वनिक्षेपकावरून पुढाऱ्यास दीर्घायुष्य चिंतावे. ज्या मनुष्याने शाळेच्या स्नेहसंमेलनातही कधी माइक हाती धरला नव्हता, त्यास एका अनोळखी तरुणास उदंड आयुष्याचे आशीर्वाद द्यावे लागले. आशीर्वाद मनापासून दिले, हे त्यांच्या स्वभावास धरूनच झाले. परंतु घरी येऊन त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले येऊ लागले. खरे तर आपल्या समाजात एखाद्याचे दार बंद होत नाही असे कळले की त्या दारातून सर्वांत आधी सल्लाच आत येतो. एकाने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळावयास सांगितले. एकाने पेटीला असतो तसा कोयंडा बसवून कुलूप लावा म्हटले. कानिफनाथांचा भरवसा बांधकामाच्या तारेवर होता. पलीकडच्या आळीतल्या लंकाबाईंनी आपल्या शेळ्यांच्या गोठ्याचे दार दाखविले. त्यास दोरी बांधून दोरीच्या टोकाला दगड टांगलेला होता, आणि शेळी आत गेली की दगडाच्या भाराने दार आपोआप मिटे. शेळी कधी गेली नाही माझी, तुमचं दार काय जातंय, असे त्या म्हणाल्या.

येथे भाऊसाहेबांचा एक गुण आड आला. आलेला अर्ज फेटाळायचा नाही, तो दाखल करून घ्यायचा, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी सर्व सल्ले दाखल करून घेतले. दारावर ट्यूबच्या पट्ट्या आल्या, कोयंडा आला, त्यास कुलूप आले, त्यावर तार आली. आत समोरच्या भिंतीला आकडा ठोकून त्यावरून दाराला बांधलेली दोरी घेतली व तिच्या टोकाला घरच्या फुटक्या जात्याची तळी टांगली, जेणेकरून दार सदैव आतल्या अंगाने ओढलेले राहील. लंकाबाईंनी येऊन दगड पाहिला आणि समाधान व्यक्त केले.

परवानगीचे प्रकरणही याच सुमारास चालू होते. भाऊसाहेब विनापरवाना काही ओढतील हे शक्यच नव्हते. संबंधित कार्यालयातील कर्मचाऱ्याने त्यांना सभ्यपणे विचारले की, वस्तू ट्रेलर आहे तर तिला मागे खाली पडणारा फाळका पाहिजे, दार कसे? आणि घर असेल तर चाके कशी? घर असल्यास ग्रामपंचायतीत नोंद करावी, असे सुचविण्यात आले. ग्रामपंचायतीत असे उत्तर मिळाले की, जे घर सकाळी एका ठिकाणी व सायंकाळी दुसऱ्या ठिकाणी असेल त्याची घरपट्टी कोणत्या वॉर्डात लावायची हे आधी वरून लेखी यावे. भाऊसाहेबांना या उत्तराचा राग आला नाही. उलट, असे उत्तर आपल्यालाही सुचले असते, या विचाराने त्यांना जुने दिवस आठवून गहिवरून आले. अखेरीस एका वेळच्या प्रवासास संमती मिळाली, दोन अटींवर: डब्यात मनुष्य नसावा, आणि प्रवासात दार बंद असावे.

रविवारी पहाटे मंडळी निघाली. जीप कानिफनाथ चालवीत होते, शेजारी एस्तेरबाई होत्या, मागे भाऊसाहेब. वेदीपुढे ठेवावयाचा एस्तेरबाईंच्या परसातला भोपळा डब्यात बाकावर, चादरीत गुंडाळून ठेवला होता. पहिल्या खड्ड्यास दार हलले नाही. दुसऱ्यास हलले नाही. राहुरीपर्यंत भाऊसाहेबांनी मागे वळून वळून मान अवघडून घेतली, पण दार जागचे ढळले नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आले. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नव्हती. लंकाबाईंचा गोठा एका जागी उभा असतो आणि डबा चालत असतो. आतील जात्याची तळी प्रत्येक खड्ड्यागणिक झोके घेऊन भिंतीच्या पत्र्यावर आपटत होती, आणि बाहेरून जाणाऱ्यास असे वाटत होते की, कुलूप, तार व पट्ट्यांनी जखडलेल्या या डब्यात कोणीतरी सुटकेसाठी धक्के देत आहे.

राहुरीच्या पुढे एका नाक्यावर हवालदाराने जीप थांबविली. मागोमाग दोन मोटारसायकली आल्या. त्यांवरील लोक बराच वेळ डब्यामागून येत होते व त्यांनीच पुढे फोन केला होता.

"आत कोण आहे?" हवालदाराने विचारले.

"कोणी नाही," भाऊसाहेब म्हणाले. "दगड आहे."

"दगड ठोकतो?"

"गाडी चालू असली की ठोकतो."

"आणि आता गप का बसला?"

"गाडी थांबली म्हणून, साहेब."

हवालदाराने डब्याला कान लावला. आतून काही आवाज येत नाही हे पाहून त्याचा संशय दृढ झाला. जमावातून कोणी म्हणाले की तोंड बांधलं असंल. एस्तेरबाई खाली उतरल्या आणि त्यांनी शांतपणे सांगितले, "साहेब, आत माझा भोपळा आहे. त्याला जपून उघडा." या वाक्याने प्रकरण सुधारले असे म्हणता येत नाही.

दार उघडण्याचा हुकूम झाला. आणि वाचकहो, दैवाची लीला पाहा. जे दार वाऱ्याच्या झुळकेने उघडत असे, पुढाऱ्याचे फलक उचलीत असे, ते आता उघडेना. तार कापली, पट्ट्या सोडल्या, कुलूप काढले, खटका फिरविला. पण आतल्या आत जात्याची तळी बाकाच्या पायात अडकून दोरी तट्ट झाली होती. हवालदाराने ओढले. मोटारसायकलवाल्यांनी ओढले. तेवढ्यात जस्टिन यांचा फोन आला. "दाजी, कुठे आहात? सकाळपासून आई रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलीय. उपासनेलाही आत आली नाही." भाऊसाहेबांनी, अगदी जवळच आलो आहोत, असे उत्तर दिले. तीन तपांच्या नोकरीत त्यांनी खोटी नोंद केली नव्हती. ही पहिली.

शेवटी सर्वांनी मिळून हिसका दिला. दोरी तुटली, कोयंडा खटक्यासकट उपटून आला, आणि हवालदार दाराचा खटका हातात घेऊन रस्त्यावर बसला. आत भोपळ्याची दोन शकले झाली होती व दगड त्यांच्या मधोमध निरागसपणे पडला होता. हवालदार मनाने चांगला होता. त्याने कपडे झटकले, दगडाकडे पाहिले, आणि दार लावून घ्या, पुढं जाऊ देतो, पण उघडं दिसलं तर परत पाठवीन, असे बजावले.

दाराला आता लावण्यासारखे काही उरलेच नव्हते. खटका हवालदाराच्या हातात, कोयंडा रस्त्यात, तारेचे तुकडे. फक्त बाहेरची मूठ शाबूत होती. कानिफनाथ म्हणाले, "भाऊसाहेब, हितंच सोडू का डबा? झाडाखाली लावू, उद्या नेऊ."

"उद्या सासूबाई वर चढलेल्या असतील," भाऊसाहेब म्हणाले.

मग त्यांनी जे केले ते कोणाच्याही सल्ल्यात नव्हते. जीपमध्ये कानिफनाथांच्या बैलाचा एक कासरा पडला होता. तो त्यांनी दाराच्या मुठीला बांधला, जीपच्या मागच्या डाव्या खिडकीतून आत घेतला, आणि दोन्ही हातांत धरून ते बसले. कासरा गाडीलाच बांधून टाका, हातात कशाला, असे एस्तेरबाईंनी सुचविले. तसेही करून पाहिले. परंतु वळण आले की एका अंगाला कासरा सैल पडे आणि दुसऱ्या अंगाला इतका ताणे की बिजागऱ्या कुरकुरत. त्यास माणूसच हवा होता. वळणाबरोबर सोडणारा आणि सरळ रस्त्यावर आवळणारा.

असे ते नगरच्या बाह्यवळणावरून गेले, सोलापूर रस्त्यास लागले, रुईछत्तीशी मागे पडली. उसाच्या गाड्या पुढे असल्या की धीमे, मोकळा रस्ता मिळाला की वारा दाराला हात घाली आणि कासरा भाऊसाहेबांच्या तळव्यांतून सरकू पाही. एका मोटारसायकलवाल्याने शेजारून जाताना, काका आत घोडं हाय का, असे विचारले. भाऊसाहेबांनी उत्तर दिले नाही. उत्तर देण्यास हात लागतो असे नाही, पण त्या वेळी त्यांचे सर्वस्व हातांत होते. एस्तेरबाई मागे वळल्या, त्यांनी आपला रुमाल त्यांच्या मुठीभोवती गुंडाळला आणि पुन्हा पुढे पाहू लागल्या. लग्नानंतर आजवर त्यांनी नवऱ्याची एकही मोहीम टोमण्याविना सोडली नव्हती. त्या वेळी मात्र त्या काही बोलल्या नाहीत, आणि भाऊसाहेबांना त्याचीच जास्त भीती वाटली.

मिरजगावी पोचेपर्यंत उपासना आटोपली होती, वेदीपुढच्या मालाचा लिलाव झाला होता, जेवणाच्या पत्रावळी गोळा होत होत्या. जस्टिन यांच्या गाडीत आईचे गाठोडे चढलेले दिसत होते. कडूबाई रस्त्याच्या कडेलाच खुर्चीवर होत्या. जीप चर्चच्या पटांगणात वळली आणि उभी राहिली. भाऊसाहेबांनी कासरा सोडला, आणि त्याच क्षणी दार, सर्व मिरजगावच्या साक्षीने, सताड उघडले.

तारेची टोके लोंबत होती. पत्र्याला भोक होते. आत फुटका भोपळा, दगड, विस्कटलेली चादर. भाऊसाहेबांना या प्रसंगासाठी योजून ठेवलेली दोन वाक्ये आठवेनात. ते सासूबाईंसमोर हात पाठीमागे घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आई, दार काही लागलं नाही. बाकी सगळं आणलं आहे."

कडूबाई काठी टेकीत डब्याजवळ गेल्या. त्यांनी पत्र्यावर तळवा ठेवला, गोल कोपरा चाचपला, मग दाराची मूठ धरून दार थोडे पुढेमागे केले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते रडू की हसू हे जमलेल्यांस ठरविता आले नाही.

"ह्ये कवा लागलं हुतं?" त्या म्हणाल्या. "मिस साहेबांनी लई मिस्त्री आनले. नगरचे आनले, पुन्याचा आनला. न्हाई लागलं. मंग त्या म्हनल्या, कडू, तू बस आतून धरून. औशदाच्या बाटल्या मला कुटं कळत हुत्या तवा? दार धराया ठिवली हुती मला."

 एस्तेरबाईंनी तर आपल्या आईची ही नोकरी कोणत्या कामाची होती हे आयुष्यात प्रथमच ऐकले. घरात सर्वांना आई औषधे देत फिरत असे एवढेच माहीत होते.

"सगळा जिल्हा म्या त्या दारातून पाह्यला," कडूबाई पुढे म्हणाल्या. "लागलं असतं, तर बसले असते घरीच गवऱ्या थापत."

मग त्यांची दृष्टी जावयाच्या पाठीमागे लपविलेल्या हातांकडे गेली. त्यांनी काठीने खूण केली, तेव्हा भाऊसाहेबांना ते पुढे करावे लागले. रुमाल सुटून लोंबत होता. तळव्यांवर कासऱ्याचे लाल वळ उठले होते आणि अंगठ्याच्या बेचक्यात कातडे गेले होते. कडूबाईंनी ते हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले, जसे कोणी ओळखीची वस्तू पाहते.

"डावा हात खाली धरायचा असतो, जावाई," त्या हळूच म्हणाल्या. "म्हंजी सोलत न्हाई."

एवढे बोलून त्यांनी पायरीवर पाय ठेवला. जस्टिन धावले, एस्तेरबाई धावल्या. गुडघ्यांची आठवण सर्वांनी एकदम करून दिली. कडूबाईंनी कोणाचे ऐकले नाही. त्या आत बाकाच्या टोकाशी, दाराजवळ बसल्या, एक पाय चौकटीला लावला, पदर खोचला आणि कासरा मागितला. तो हाती येताच म्हणाल्या, "कानिफा, हाक. हळू हाक."

कानिफनाथांनी भाऊसाहेबांकडे पाहिले. डब्यात मनुष्य नसावा ही पहिली अट आणि दार बंद असावे ही दुसरी, दोन्ही त्यांच्या खिशात कागदावर होत्या. भाऊसाहेब क्षणभर विचारात पडले. मग त्यांनी असा अर्थ लावला की अट प्रवासास लागू आहे, चर्चचे पटांगण म्हणजे प्रवास नव्हे, आणि तशी ती लागू असलीच, तर खुलासा लिहून देण्यास आपण समर्थ आहोत. त्यांनी मान हलविली.

जीप पटांगणात फिरू लागली. दार एका वळणाला उघडे आणि दुसऱ्याला मिटे, आणि त्यातून कडूबाई चिंचेचे झाड पाहत होत्या, विहीर पाहत होत्या, पत्रावळी हातात घेऊन उभे राहिलेले लोक पाहत होत्या. जस्टिन घड्याळाकडे पाहत होते, पण त्यांनी थांबा असे म्हटले नाही. फेऱ्या झाल्या किती, हे कोणी मोजले नाही. भाऊसाहेब डब्याच्या बाजूने पायी चालत होते. सासूबाईंचा पाय चौकटीवरून सरकला तर धरता यावा म्हणून त्यांनी आपला सोललेला हात दाराजवळ पुढे केलेला होता, आणि कडूबाईंनीही तो बाजूला सारला नाही.

येथवर ही कथा लिहिली आहे. भाषेत जे काही उणे राहिले असेल ते माझ्या अल्प शिक्षणाचे. वाचकांनी ते पदरात घ्यावे. आपला अमूल्य वेळ देऊन एका दाराची हकीगत शेवटपर्यंत वाचल्याबद्दल सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
रंगनाथ भिमाजी लोखंडे
मुक्काम कोल्हार